'ओरिजिन'चे शीर्षक आणि त्यातील आठवे प्रकरण

चार्ल्स डार्विनचा 'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ ज्यांनी वाचला आहे, त्यांच्यापेक्षा ज्यांनी त्याविषयी आपले मत बनविले आहे अशांची संख्या कितीतरी मोठी आहे. थोर ग्रंथांच्या वाट्यास हे नेहमीच येते. जो ग्रंथ सर्वांना ठाऊक असतो तो उघडून पाहण्याची निकड कोणासच भासत नाही. परिणामी त्या ग्रंथाची स्तुती आणि निंदा ह्या दोन्ही गोष्टी ऐकीव माहितीवर चालतात. आपल्याकडे तर 'ओरिजिन'चा सारांश 'बळी तो कान पिळी' ह्या म्हणीत सांगून मोकळे होण्याची प्रथाच पडून गेली आहे. ही म्हण डार्विनपेक्षा जुनी आणि तिचा अर्थ अगदी निराळा, हे सांगूनही फारसा उपयोग होत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. ग्रंथाच्या शीर्षकात जे वचन दिले आहे ते ग्रंथात पाळले गेले आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे. हा प्रश्न नवा नव्हे. ज्या अभ्यासकांनी विसाव्या शतकात जातिनिर्मितीचा विचार शास्त्रशुद्ध पायावर उभा केला, त्यांतील अग्रगण्य अर्न्स्ट मायर ह्यांनी १९४२ मधील आपल्या ग्रंथापासून पुढे अनेक वेळा असे बजावले, की जातींच्या उद्गमावर लिहिलेल्या ह्या ग्रंथात जातींचा उद्गम तेवढा सांगावयाचा राहून गेला आहे. एक जात काळाच्या ओघात बदलत कशी जाते हे डार्विनने सांगितले. एका जातीच्या दोन जाती कशा होतात हे सांगितले नाही, असा त्यांचा आक्षेप. पुढे जेरी कॉइन आणि ॲलन ऑर ह्यांनी २००४ मध्ये जातिनिर्मितीवर जो विस्तृत ग्रंथ लिहिला त्यातही ह्याच आक्षेपाचा पुनरुच्चार आढळतो. आज तो पाठ्यपुस्तकांतील एक ठरीव वाक्य होऊन बसला आहे. तो अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा मात्र ग्रंथ नीट न वाचल्याचा परिणाम आहे, असे मला वाटते.

आक्षेपातील खरा भाग प्रथम मान्य करू. पहिल्या आवृत्तीची चौदा प्रकरणे डोळ्यांसमोर आणली तर त्यांतील बरीचशी दोन सिद्धांतांच्या सेवेस जुंपलेली दिसतात. सर्व सजीव एकमेकांशी वंशसंबंधाने जोडलेले आहेत हा पहिला सिद्धांत, आणि त्यांच्यातील उपयुक्त बदल नैसर्गिक निवडीने साठत गेले हा दुसरा. पाळीव कबुतरांपासून आरंभ करून जीवनसंघर्ष, निवड, सहजप्रवृत्ती, भूस्तरांतील अवशेष, भौगोलिक प्रसार, गर्भरचना अशी जी प्रदीर्घ मिरवणूक निघते, तिच्यात ह्या दोन सिद्धांतांची पालखी कोठेच खाली ठेवलेली नाही. (हस्तलिखित वाचून कबुतरांवरच एक ग्रंथ लिहावा, तो अधिक खपेल, असा सल्ला प्रकाशकाच्या एका परीक्षकाने दिला होता. सुदैवाने लेखकाने तो मानला नाही.) परंतु चिमणी आणि तिच्या शेजारची दुसरी चिमणी ह्यांच्यामध्ये जी भिंत उभी असते, ज्या भिंतीमुळे त्या एकाच रानात राहूनही परस्परांत मिसळत नाहीत, त्या भिंतीचा पाया कोणी घातला ह्याचे सरळ उत्तर ह्या मिरवणुकीत मिळत नाही.

ते मिळत नाही ह्याला कारण आहे. डार्विनला ती भिंत पक्की वाटतच नव्हती. दुसऱ्या प्रकरणात तो असे मांडतो, की जात, उपजात आणि प्रकार ह्यांच्यामध्ये मूलतः कोणतीही रेषा नाही. ज्यास आज आपण प्रकार म्हणतो ती उद्याची जातच होय, आणि 'जात' हा शब्द वर्गीकरण करणाराने सोयीसाठी वापरलेला आहे. ही भूमिका त्याच्या युक्तिवादास आवश्यक होती. प्रत्येक जात स्वतंत्रपणे निर्माण झाली असे मानणारे विरोधक जातींच्या सीमा अभेद्य आहेत असे सांगत. त्या सीमा पुसट आहेत हे दाखविल्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नव्हते. परंतु जी वस्तू सोयीचे एक नाव आहे म्हणून सांगितले, तिच्या उद्गमाचा शोध पुढे कोणत्या तोंडाने घ्यावयाचा? शीर्षक आणि दुसरे प्रकरण ह्यांच्यातील हा विरोध डार्विनच्या लक्षात आला नसेल असे नाही. त्याने तो तसाच राहू दिला, एवढेच म्हणता येते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने ह्या प्रश्नास आणखी एक पदर आहे. 'स्पीशीज'ला आपण 'जाती' म्हणतो. महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत 'जीनस'साठी प्रजाती आणि 'स्पीशीज'साठी जाती असा क्रम आहे; वृत्तपत्रे मात्र 'स्पीशीज'लाच सर्रास प्रजाती म्हणतात, आणि विद्यार्थी दोन्हींच्या मध्ये उभा राहतो. तो गोंधळ तूर्त बाजूस ठेवू. 'जाति' ह्या शब्दाचा आपल्या परंपरेतील इतिहास त्याहून अधिक विचारणीय आहे. नैयायिकांच्या परिभाषेत जाती म्हणजे सामान्य: नित्य, एक, आणि अनेक व्यक्तींच्या ठायी समवायाने राहणारे. गायी जन्मतात आणि मरतात. गोत्व जन्मतही नाही, मरतही नाही. डार्विनच्या विरोधकांची समजूत नेमकी हीच होती, फक्त तिचे कूळ ग्रीक होते. उलट त्याच शब्दाचा धातू पाहिला तर 'जन्', म्हणजे जन्मणे. जे जन्मास आले ते जात. एकाच शब्दात नित्यत्व आणि जन्म अशा दोन परस्परविरोधी कल्पना नांदत आहेत, आणि 'ओरिजिन'चा सारा वाद ह्या दोहोंमधील आहे. इंग्रजी वाचकास 'स्पीशीज' ह्या शब्दात हे नाट्य दिसत नाही. आपल्या समाजव्यवस्थेतील 'जात' ह्या अर्थाची सावली मात्र ह्या चर्चेवर पडू देता कामा नये. ती जात माणसांनी रोटीबेटीच्या बंधनांनी घडविलेली आहे, आणि सर्व माणसे जीवशास्त्राच्या अर्थाने एकाच जातीची आहेत. ह्या दोन अर्थांची सरमिसळ करून काही जणांनी मागे जे अनर्थकारक सिद्धांत उभे केले, त्यांची जबाबदारी शब्दावर नव्हे, त्या लेखकांवर आहे.

आता आक्षेपातील न पटणाऱ्या भागाकडे वळू. एकाच्या दोन कशा होतात ह्याविषयी डार्विन गप्प आहे काय? चौथ्या प्रकरणात एक आकृती आहे, संपूर्ण ग्रंथातील एकमेव. एका वंशातील अकरा जाती तळाशी मांडल्या आहेत. त्यांतून वर जाणाऱ्या रेषांना फाटे फुटतात, बहुतेक फाटे मध्येच संपतात, थोडे वरपर्यंत पोहोचतात, आणि अखेरीस अकरांच्या ठिकाणी पंधरा जाती उभ्या राहतात. ह्यामागील तत्त्वास त्याने अपसरणाचे तत्त्व म्हटले. एकाच प्रदेशातील जीव जितके परस्परांहून भिन्न होतील, तितक्या अधिक निरनिराळ्या जागा त्यांना निसर्गाच्या संसारात सापडतील. म्हणून टोकाच्या प्रकारांना निवडीचा आधार मिळतो आणि मधले प्रकार मागे पडतात. ही एकाच्या दोन होण्याचीच कथा आहे. ती अपुरी आहे, हे निश्चित. कारण टोकाचे दोन प्रकार एकाच ठिकाणी राहून परस्परांशी संकर करीत राहिले तर प्रत्येक पिढीत ते पुन्हा मध्याकडे ओढले जाणार. ह्या ओढीचा हिशेब आकृतीत कोठेही धरलेला नाही.

मायर ह्यांनी ह्या ठिकाणी बोट ठेवले ते योग्यच होते. त्यांचे स्वतःचे उत्तर भूगोलाचे. डोंगर, समुद्र किंवा वाळवंट मध्ये आल्याने समूहाचे दोन तुकडे पडतात, तुकडे आपापल्या वाटेने बदलत जातात, आणि पुढे पुन्हा एकत्र आले तरी मिसळत नाहीत. हे मत डार्विनच्या हयातीतच मॉरिट्झ वाग्नरने १८६८ मध्ये आग्रहाने मांडले होते. डार्विनने ते अंशतः मानले, परंतु स्थलांतर आणि पृथक्पण ही जातिनिर्मितीची अटळ पूर्वअट आहे हे मात्र मानावयास तो तयार झाला नाही. पृथक्पणाचे महत्त्व मोठे असले तरी प्रदेशाची विशालता त्याहून महत्त्वाची, असा त्याचा कौल होता. विशेष म्हणजे १८४४ मधील त्याच्या अप्रकाशित निबंधात बेटांना आणि एकांताला अधिक मान होता. ग्रंथ लिहीपर्यंत तो कमी झाला. गॅलापागोस बेटे पाहून आलेल्या माणसाने हे करावे ह्याचे आश्चर्य वाटते. ज्या फिंच पक्ष्यांशी आज त्याचे नाव जोडले जाते त्यांची सविस्तर चर्चा 'ओरिजिन'मध्ये नाही, आणि १८३५ मध्ये ते गोळा करताना कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा ह्याची नीट नोंदही त्याने ठेवली नव्हती. ते पक्षी डार्विनचे म्हणून प्रसिद्ध झाले ते मुख्यतः डेव्हिड लॅक ह्यांच्या १९४७ मधील ग्रंथामुळे.

भौगोलिक विभागणीचा सिद्धांत बहुतांशी यशस्वी ठरला आहे. हिमालयाच्या दोन्ही बाजूंनी उत्तरेकडे पसरलेल्या एका हिरवट वटवट्याचे उदाहरण ह्या संदर्भात नेहमी दिले जाते. हा लहानसा पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे, आपल्या रानांतही, उतरतो. त्याचे समूह तिबेटच्या पठारास कडे घालून पसरलेले आहेत. शेजारच्या समूहांत फरक थोडा, परंतु सायबेरियात जेथे कड्याची दोन टोके भेटतात तेथे गाणे निराळे, पिसांवरील पट्टे निराळे, आणि दोन्ही समूह एकाच रानात राहून बहुधा वेगळेच राहतात. डॅरेन अर्विन ह्यांनी २००१ मध्ये ह्या पक्ष्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला तो नमुनेदार मानला जातो. २०१४ मधील जनुकीय तपासणीत मात्र कड्यात पूर्वी खंड पडून गेल्याच्या आणि टोकाशी थोडी सरमिसळ झाल्याच्या खुणा सापडल्या. उदाहरण मोडले नाही. पूर्वीइतके गुळगुळीत राहिले नाही, इतकेच.

तथापि भूगोल हेच एकमेव उत्तर, हा मायर ह्यांचा दीर्घकाळचा आग्रह टिकला नाही. अमेरिकेतील ज्या माशीची अळी मूळची हॉथॉर्नच्या फळात वाढत असे, तिच्यातील काही माश्या युरोपीय वसाहतवाल्यांनी आणलेल्या सफरचंदाकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वळल्या. बेंजामिन वॉल्श ह्यांनी त्याच शतकाच्या सातव्या दशकात हे टिपून ठेवले. सफरचंद आधी पिकते. त्यावरील माश्या कोशातून आधी बाहेर पडतात, आणि आपल्याच फळावर जोडीदार शोधतात. दोन्ही झाडे शेजारी शेजारी आहेत, दर पिढीस काही टक्के संकरही होतो, तरीही निवडीच्या जोरावर दोन्ही समूहांत जनुकीय भेद टिकून आहे. त्या अजून दोन जाती झालेल्या नाहीत, पण त्या वाटेवर आहेत. चौथ्या प्रकरणातील आकृतीला अभिप्रेत असलेली घटना हीच. म्हणजे डार्विनची चूक अपसरणाच्या तत्त्वात नव्हती. ते तत्त्व संकराच्या ओढीविरुद्ध कसे टिकते हे त्याला सांगता आले नाही, ही खरी उणीव.

आणि सांगता येणार तरी कसे? आनुवंशिकतेचे खरे स्वरूप त्याला ठाऊक नव्हते. आईबापांचे गुण दूधपाण्याप्रमाणे मिसळतात असे त्या काळी बहुतेक जण धरून चालत. १८६७ मध्ये फ्लीमिंग जेंकिन ह्या अभियंत्याने एका परीक्षणात दाखवून दिले, की तसे असेल तर एखाद्या व्यक्तीत उद्भवलेला हितकर बदल काही पिढ्यांत विरून जाईल, आणि निवडीला निवडण्यासारखे काही उरणारच नाही. हा घाव वर्मी लागला. त्याचे उत्तर वस्तुतः वर्षभरापूर्वीच, १८६६ मध्ये, ग्रेगोर मेंडेलच्या वाटाण्यांवरील निबंधात छापून झाले होते: गुणांचे घटक मिसळत नाहीत, ते अखंड राहून पुढील पिढीत पुन्हा वेगळे होतात. १९०० पर्यंत त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे रोनल्ड फिशर ह्यांनी १९३० मधील ग्रंथाचा आरंभच ह्या मुद्द्याने केला. मिश्रणाच्या मताप्रमाणे समूहातील विविधता दर पिढीस निम्मी होईल. मेंडेलच्या नियमाप्रमाणे ती आपोआप टिकून राहते. उत्परिवर्तनाने नवे भेद निर्माण होतात, लैंगिक प्रजोत्पादनात त्यांची नवनवी जुळणी होते, आणि निवड त्यांतून वेचते. सीवॉल राइट आणि जे. बी. एस. हाल्डेन ह्यांनीही त्याच सुमारास हे गणित पुरे केले. (हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निधन पावले.)

येथवरचा वृत्तांत पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळतो. ज्याकडे वाचकांचे लक्ष मला वेधावयाचे आहे ते प्रकरण निराळे. पहिल्या आवृत्तीतील आठवे, सहाव्यातील नववे: संकराचे प्रकरण. ग्रंथाचे भाष्यकार ते बहुधा ओलांडून जातात. त्यात चटकदार दृष्टांत नाहीत. दोन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ, क्योलरॉयटर आणि गेर्टनर, ह्यांनी आयुष्यभर केलेल्या परागसिंचनाच्या प्रयोगांची कंटाळवाणी वाटणारी छाननी आहे. परंतु शीर्षकातील प्रश्नाला ग्रंथाने दिलेले सर्वांत खोल उत्तर ह्याच पानांत आहे.

प्रश्न असा. दोन जातींचा संकर केला तर बीज धरत नाही, किंवा धरलेच तर संतती वांझ निपजते. जाती वेगळ्या ठेवण्यासाठी निर्मात्याने घातलेला हा बांध आहे, असे विरोधक म्हणत. निवडवादी मनुष्य सहज उलटे म्हणून गेला असता, की हा बांध निवडीनेच घातला. डार्विन दोन्ही उत्तरे नाकारतो. वांझपणाने त्या व्यक्तीचा कोणताच लाभ होत नाही. निवड व्यक्तीच्या लाभातून काम करते. तेव्हा तिने तो प्रत्यक्ष घडविला असणे शक्य नाही. मग तो आला कोठून? त्याचे उत्तर असे, की हा स्वतंत्र गुणच नव्हे. दोन समूह इतर कारणांनी भिन्न होत गेले, त्या भिन्नतेचा हा अनुषंगाने आलेला परिणाम आहे. मुख्यत्वे त्यांच्या जननसंस्थेत अनवधानाने पडलेल्या फरकाचा.

ह्यासाठी त्याने दिलेला दृष्टांत कोकणातील कोणाही बागाईतदारास पटेल: कलमाचा. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी जीव धरते. दूरच्या कुळातील झाडावर ती वाळून जाते. एका झाडाची काडी दुसऱ्यावर लागू नये म्हणून निसर्गाने खास योजना केली आहे असे कोणी म्हणेल काय? त्यांच्या वाढीच्या रीतींत, रसांत, लाकडात जे फरक पडले, त्यांचा तो केवळ परिणाम. मग परागाच्या बाबतीत तरी खास योजना कशासाठी मानावयाची? एरव्ही 'असे असू शकेल' ह्या शब्दांवर फार भिस्त ठेवणारा हा लेखक येथे उपमेला पुराव्याचे काम करावयास लावतो, आणि उपमा ते काम खरोखर करते.

ह्याहून महत्त्वाचा पुरावा पुढे आहे. खास योजना असती तर बांध दोन्ही बाजूंनी सारखाच उंच असावयास हवा होता. तसा तो नसतो. आपल्या परसातील गुलबक्षीच्या फुलावर तिच्याच वंशातील लांब नळीच्या दुसऱ्या जातीचे पराग घातले तर सहज बीज धरते आणि संततीही बऱ्यापैकी फलक्षम असते. परंतु उलट दिशेने, दुसरीवर गुलबक्षीचे पराग घालून, क्योलरॉयटरने आठ वर्षांत दोनशेहून अधिक वेळा प्रयत्न केले. एकदाही यश आले नाही. बांध घालणाऱ्याने एकाच बाजूने बांध घालावा, ह्यात योजना ती कसली?

ह्याच प्रकरणात क्योलरॉयटरची एक गमतीदार पकड आहे. जातींचा संकर निष्फळ होतो हा नियम त्याने सार्वत्रिक मानला. आणि ज्या दहा उदाहरणांत सर्वमान्य अशा दोन भिन्न जातींचा संकर पूर्ण सफल झाला, तेथे त्याने त्यांना जाती म्हणणेच सोडून प्रकार ठरविले. नियम वाचला, वाचविण्याची रीत मात्र तर्कशास्त्रातील अन्योन्याश्रयाची. मायर ह्यांची प्रसिद्ध व्याख्या, परस्परांत प्रजोत्पादन करणारा आणि इतरांपासून प्रजननदृष्ट्या अलग असलेला समूह म्हणजे जात, ही फार उपयुक्त असली तरी तिच्यावरही ही टीका लागू पडते. डार्विनने ती व्याख्या आधीच वाचली असती असे म्हणता येत नाही, पण तिच्यावरील आक्षेप त्याने लिहून ठेवला आहे. ह्या संदर्भात मायर ह्यांचा निवाडा मला अन्याय्य वाटतो.

आनुषंगिक परिणाम हे उत्तर किती अचूक होते हे कळावयास ऐंशी वर्षे लागली. विल्यम बेटसनने १९०९ मध्ये, डार्विनच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या लेखसंग्रहात, त्याची जनुकीय रूपरेषा सुचविली. ती विसरली गेली. मग थिओडोशियस डोब्झान्स्की ह्यांनी १९३७ मधील ग्रंथात आणि हर्मन मुलर ह्यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत तीच पुन्हा स्वतंत्रपणे मांडली. कोडे असे होते: संकराची संतती मरते किंवा वांझ होते अशा अवस्थेपर्यंत समूह पोहोचेलच कसा, कारण वाटेत वांझपणाची दरी ओलांडावी लागणार. उकल सोपी आहे. मूळ समूहात एका ठिकाणी 'क' आणि दुसऱ्या ठिकाणी 'ख' असे जनुक आहेत असे समजू. एका शाखेत 'क'च्या जागी 'च' आला; तो 'ख'बरोबर उत्तम चालतो. दुसऱ्या शाखेत 'ख'च्या जागी 'छ' आला. तोही 'क'बरोबर उत्तम चालतो. दोन्ही शाखांत कोणाचेच नुकसान झाले नाही. परंतु 'च' आणि 'छ' ह्यांची गाठ कधी पडलेली नव्हती. ती प्रथम संकरजात देहात पडते, आणि तेथे त्यांचे जमत नाही. दरी कोणीच ओलांडली नाही. दोघे दोन वेगळ्या वाटांनी चालत गेले आणि मागे वळून पाहता मध्ये दरी दिसली.

हे नुसते कागदी गणित राहिलेले नाही. ड्रॉसोफिला ह्या फळमाशीच्या दोन निकटवर्ती जाती आहेत, मेलॅनोगॅस्टर आणि सिम्युलन्स. पहिलीची मादी आणि दुसरीचा नर ह्यांच्या संकरात पुत्र मरतात. २००६ मध्ये असे दाखविण्यात आले, की ह्या मृत्यूमागे एका जातीतील 'एचएमआर' आणि दुसरीतील 'एलएचआर' ह्या दोन जनुकांची जोडी आहे; दोन्ही आपापल्या शाखेत वेगाने बदललेली, आणि त्या बदलामागे निवडीच्या खुणा. म्हणजे निवडीने संकराचा मृत्यू घडविला नाही. तिने दुसरेच काही घडविले, आणि मृत्यू त्याच्या मागून आला. आठव्या प्रकरणातील विधानाचा हा अन्वय होय. गंमत अशी, की येथेही बांध दोन्ही बाजूंनी सारखा नाही: संकराची दिशा उलटी केली तर पुत्र जगतात आणि मुली मरतात. गुलबक्षीची आठवण येते.

एका ठिकाणी मात्र डार्विन कमी पडला, आणि त्याची चूक दाखविणारा दुसरा कोणी नसून आल्फ्रेड वॉलेस होता. हाच तो वॉलेस, ज्याच्या १८५८ मधील पत्रामुळे दोघांचे निबंध त्याच वर्षी १ जुलै रोजी लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले. १८६८ मध्ये ह्या दोघांत संकराच्या वांझपणावरून दीर्घ पत्रव्यवहार झाला. वॉलेसचे म्हणणे असे, की दोन समूह बरेचसे वेगळे झाल्यावर पुन्हा एकत्र आले आणि त्यांची संकरसंतती दुबळी निघू लागली, तर त्यापुढे संकर टाळण्याच्या प्रवृत्तीस निवड साहाय्य करील. डार्विनला ते पटले नाही. वॉलेसने १८८९ मधील आपल्या 'डार्विनिझम' ह्या ग्रंथात ते पुन्हा मांडले. वांझपणापुरते डार्विनचे म्हणणे खरे ठरले. जोडीदाराच्या निवडीपुरते वॉलेसचे. कॉइन आणि ऑर ह्यांनी १९८९ मध्ये फळमाशीच्या शंभराहून अधिक जातिजोड्या तपासल्या, तेव्हा एकाच प्रदेशात राहणाऱ्या जोड्यांत परस्परांना टाळण्याची वृत्ती दूर राहणाऱ्या जोड्यांपेक्षा कितीतरी लवकर बळावलेली दिसली. दुबळ्या संततीचा भुर्दंड ज्यांना बसतो, तेच टाळावयास शिकतात.

गॅलापागोसमधील डॅफ्ने मेजर ह्या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट ह्या दांपत्याने १९७३ पासून चाळीस वर्षे जी निरीक्षणे केली, त्यांशी हा ग्रंथ ताडून पाहणे उद्बोधक आहे. १९७७ च्या अवर्षणात तेथील मध्यम फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के मेले. मऊ बी संपले. उरले ते आपल्या सराट्याच्या भावकीतील एका काटेरी झुडपाचे टणक फळ. ते फोडू शकणाऱ्या जाड चोचीचे पक्षी अधिक वाचले, आणि पुढील पिढीची चोच सरासरीने सुमारे अर्ध्या मिलीमीटरने जाड झाली. १९८३ मध्ये अतिवृष्टी झाली, बारीक बी मुबलक आले, आणि निवडीची दिशा उलटली. 'बळी तो कान पिळी' म्हणणारांनी हा दुसरा भाग अवश्य वाचावा: कान पिळणारे ह्या वेळी बारीक चोचीचे होते.

पण हा एका जातीतील बदल झाला. जातिनिर्मितीच्या दृष्टीने महत्त्वाची घटना १९८१ मधील. त्या वर्षी शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या एस्पॅन्योला बेटावरचा एक मोठा निवडुंग-फिंच ह्या बेटावर आला. त्याचे गाणे निराळे, देह मोठा. त्याने स्थानिक मध्यम फिंचांच्या मादीशी संसार थाटला. २००३ ते २००५ च्या अवर्षणानंतर त्याच्या वंशात एक भाऊ आणि एक बहीण एवढेच उरले. त्यांची संतती पुढे आपसांतच जोड्या जमवीत राहिली. पिल्ले बापाचे गाणे शिकतात, आणि त्या गाण्यावरून व चोचीवरून जोडीदार ओळखतात. स्थानिक पक्ष्यांना ते गाणे परके. आगंतुक नेमका कोठचा होता हे २०१८ मध्ये छापलेल्या जनुकीय अभ्यासाने निश्चित केले. ह्या उदाहरणात भूगोल आहे, कारण आगंतुक दुसऱ्या बेटाचा. अपसरण आहे, कारण नव्या वंशाची चोच बेटावरील इतरांहून वेगळ्या अन्नाला सोयीची. आणि आठव्या प्रकरणातील अनुषंग आहे, कारण गाणे वेगळे ठेवण्यासाठी कोणी योजले नव्हते. वांझपणाचा मात्र पत्ता नाही. संकरातूनच हा वंश जन्मला. डार्विनने ज्या प्रकरणात संकराकडे केवळ बांध म्हणून पाहिले, त्यात संकर हा कधी नव्या जातीचा उगमही होऊ शकतो ह्याची दखल नाही. ही ग्रंथाची आणखी एक उणीव म्हणून नोंदविली पाहिजे. त्या पक्ष्यांना अद्याप जातीचे नाव मिळालेले नाही, आणि ते द्यावे की नाही ह्यावर जाणकारांत एकमत होणे कठीण. दुसरे प्रकरण लिहिणारास ह्याचे काहीच वाटले नसते.

शेवटी आवृत्तीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण हा वरवर किरकोळ दिसणारा प्रश्न वाचनावर मोठा परिणाम करतो. ग्रंथाच्या सहा आवृत्त्या १८५९ ते १८७२ ह्या काळात निघाल्या. स्वस्त पुनर्मुद्रणांत पुष्कळदा सहावी छापली जाते. आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत बहुधा तीच असते. लेखकाने शेवटचा हात फिरविलेली आवृत्ती प्रमाण, हा संपादनाचा नियम काव्यग्रंथाला लावणे एक वेळ ठीक. येथे तो अपाय करतो. जेंकिन आदी टीकाकारांना उत्तरे देता देता डार्विनने उपयोग-अनुपयोगाच्या परिणामांना अधिकाधिक जागा दिली, आक्षेपांसाठी एक संबंध नवे प्रकरण घातले, आणि १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत हर्बर्ट स्पेन्सरचा 'सर्वांत योग्य तो टिकतो' हा शब्दप्रयोग स्वीकारला. तो स्वीकारावा असा आग्रह वॉलेसचाच. 'निवड' म्हटले की कोणी निवडणारा आहे असा भास होतो, ही त्याची तक्रार. एक भास टाळावयास गेले आणि दुसरा, अधिक घातक, पदरी पडला. पहिल्या आवृत्तीतील गद्य मोकळे, निश्चयी आहे. सहाव्यात तेच जागोजाग थबकते आणि तडजोड करते. १९५९ मध्ये मोर्स पेकहॅम ह्यांनी सर्व आवृत्त्यांतील पाठभेद एकत्र छापले आणि १९६४ मध्ये मायर ह्यांच्याच प्रस्तावनेसह पहिल्या आवृत्तीची प्रतिकृती निघाली, तेव्हापासून अभ्यासकांना सबब उरलेली नाही.

हा ग्रंथ मराठीत आणण्याचे काम जो कोणी हाती घेईल, त्याने पहिली आवृत्ती घ्यावी. चौथ्या प्रकरणातील आकृती गाळू नये. आणि संकराचे प्रकरण रूक्ष म्हणून संक्षेपाने आटोपू नये. त्या प्रकरणात लॅटिन नावांची जी दाटी आहे तिच्यात 'मिराबिलिस जलापा' असे नाव येईल. तेथे सरळ 'गुलबक्षी' लिहावे.